परत आलेला अर्ज: पेटीएम पेमेंट्स सर्व्हिसेस आणि रिझर्व्ह बँकेची अधिकृतता प्रक्रिया

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस ‘पेटीएम’ची मूळ कंपनी असलेल्या वन ९७ कम्युनिकेशन्सने शेअर बाजारांना एक निवेदन दिले. तिच्या संपूर्ण मालकीच्या पेटीएम पेमेंट्स सर्व्हिसेस लिमिटेड या उपकंपनीने ऑनलाइन व्यापाऱ्यांसाठी पेमेंट अ‍ॅग्रीगेटर (ग्राहकांचे पैसे गोळा करून विक्रेत्यांना चुकते करणारा मध्यस्थ) म्हणून काम करण्याची अधिकृतता मिळावी, यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला होता आणि त्यावर बँकेचे उत्तर आले होते. अर्ज मंजूर झालेला नव्हता, तसा तो फेटाळलाही गेला नव्हता. मूळ कंपनीने उपकंपनीत पूर्वी केलेल्या गुंतवणुकीला थेट परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार लागणारी मंजुरी घ्यावी, १२० दिवसांच्या आत अर्ज पुन्हा सादर करावा आणि दरम्यान एकही नवा ऑनलाइन व्यापारी जोडू नये, असे त्यात सांगितले होते. आधीपासून जोडलेल्या व्यापाऱ्यांची सेवा चालू ठेवण्यास हरकत नव्हती.

नव्या व्यापाऱ्यांवरची ही बंदी ऑगस्ट २०२५ मध्ये उठली. म्हणजे १२० दिवसांच्या हिशेबाने सुरू झालेला मामला पावणेतीन वर्षांच्या आसपास चालला. बातम्यांमध्ये याची नोंद बहुतेक वेळा एका कंपनीच्या अडचणींपैकी एक अशीच झाली. परंतु त्रुटी असलेल्या अर्जाचे नियामक नेमके काय करतो, हे समजून घेण्यासाठी अलीकडच्या काळात याहून बोलके प्रकरण सापडणे कठीण आहे. अर्ज परत पाठवणे ही टपाल खात्याची क्रिया नसून तो स्वतंत्र परिणाम असलेला एक निर्णय असतो आणि त्या निर्णयाची किंमत कोण, किती काळ मोजणार हे त्याला जोडलेल्या अटींवर ठरते, असे माझे या प्रकरणाचे वाचन आहे.

अर्ज करण्याची वेळ का आली

ऑनलाइन दुकानात ग्राहकाने भरलेले पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात जात नाहीत. मधला अ‍ॅग्रीगेटर कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय अशा निरनिराळ्या मार्गांनी आलेली रक्कम गोळा करतो आणि ठरलेल्या मुदतीत ती विक्रेत्याला चुकती करतो. स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्या रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला प्रत्येक बँकेशी वेगळा करार करावा लागत नाही, तो या मध्यस्थामुळे. परंतु त्यामुळेच काही काळ दुसऱ्याचे पैसे या मध्यस्थाच्या ताब्यात असतात.

२००९ च्या निर्देशांनुसार या मध्यस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण अप्रत्यक्ष होते. त्यांचे पैसे बँकेतील ठरावीक खात्यातूनच फिरले पाहिजेत, एवढ्यावर भर होता. १७ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे चित्र बदलले. बँकेतर अ‍ॅग्रीगेटरला आता २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली अधिकृतता घेणे बंधनकारक झाले. अर्जाच्या वेळी किमान १५ कोटी रुपयांचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम), पुढे ते २५ कोटींपर्यंत नेण्याची अट, एस्क्रो खाते (व्यापाऱ्यांचे पैसे वेगळे राखणारे बँक खाते), व्यापाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी, तक्रार निवारणाची व्यवस्था, माहिती सुरक्षेचे निकष असा बराच पसारा त्यात होता. जे आधीपासून हे काम करत होते, त्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता आणि ही मुदत नंतर ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढवण्यात आली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांना काम चालू ठेवता येत होते.

या तत्त्वांमधील एक अट पेटीएमच्या प्रकरणाचे मूळ आहे. ई-कॉमर्स बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने अ‍ॅग्रीगेटरचे काम त्याच कंपनीत ठेवायचे नाही, ते वेगळे काढायचे, असे बंधन होते. त्यानुसार वन ९७ कम्युनिकेशन्सने डिसेंबर २०२० मध्ये हा व्यवसाय पेटीएम पेमेंट्स सर्व्हिसेसकडे हस्तांतरित करण्याचा प्रस्ताव मांडला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आवश्यक कागदपत्रे रिझर्व्ह बँकेकडे दाखल केली. गंमत अशी की, एका नियमाचे पालन करण्यासाठी जी उपकंपनी पुढे केली गेली, तिच्यातील भांडवलाच्याच उगमावर दुसऱ्या नियमाखाली प्रश्न उभा राहिला.

फेटाळणे आणि परत करणे

२००७ च्या कायद्याचे कलम ७ सांगते की, अधिकृततेचा अर्ज शक्य तितक्या लवकर हाताळावा आणि तो दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. अर्ज नाकारायचा असेल तर कारणे देऊन लेखी सूचना द्यावी लागते आणि अर्जदाराला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळावी लागते. नकारानंतर ३० दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करण्याची सोय कलम ९ मध्ये आहे. ही सारी संरक्षणे नकाराशी जोडलेली आहेत, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

परत केलेल्या अर्जाचे स्थान ४ डिसेंबर २०२० च्या एका परिपत्रकातून अधिक स्पष्ट होते. ज्यांची अधिकृतता रद्द झाली, ज्यांनी ती स्वतःहून सोडली किंवा ज्यांचा अर्ज फेटाळला गेला, त्यांना आणि त्यांच्या प्रवर्तकांनी काढलेल्या नव्या संस्थांना एक वर्ष पुन्हा अर्ज करता येणार नाही, असा प्रतीक्षा काळ त्यात घालून दिला आहे. मात्र अर्ज कोणत्याही कारणाने ‘परत’ केला गेला असेल, तर अर्ज सादर करण्याची आणखी एक संधी दिल्यानंतरच हा काळ लागू होईल, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे परत येणे ही अर्जदाराच्या दृष्टीने सवलत आहे. एक वर्ष दार बंद होण्याऐवजी त्याला त्रुटीची पूर्तता करण्याची एक संधी मिळते. परंतु संधी एकच आहे आणि दुसऱ्यांदाही अर्ज अपुरा ठरला, तर वर्षभराची प्रतीक्षा अर्जदाराच्या दारात उभी असते.

तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज त्रुटी काढून परत आला की आपण गहाळ कागद जोडून तो पुन्हा देतो आणि दरम्यान आपले फारसे काही अडत नाही. चालू व्यवसाय असलेल्या अ‍ॅग्रीगेटरचे तसे नसते. सुरुवातीच्या व्यवस्थेत अर्ज परत आलेल्या संस्थेला परतीच्या तारखेपासून सहा महिन्यांत काम बंद करावे लागत होते. नक्त मूल्याचा निकष ३१ मार्च २०२१ रोजी पूर्ण न झाल्यामुळे काही अर्ज असे परत गेले आणि त्यातून पेमेंट व्यवस्थेत व्यत्यय येऊ शकतो, हे रिझर्व्ह बँकेने स्वतःच २८ जुलै २०२२ च्या परिपत्रकात नमूद केले. कोविडकाळाची अडचण लक्षात घेऊन तिने १७ मार्च २०२० रोजी अस्तित्वात असलेल्या अ‍ॅग्रीगेटरांसाठी ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत अर्जाची नवी खिडकी उघडली आणि १५ कोटींच्या निकषाची तारीख ३१ मार्च २०२२ पर्यंत पुढे नेली.

पेटीएमचा अर्ज परत आला तो या परिपत्रकानंतर चार महिन्यांनी. सहा महिन्यांत गाशा गुंडाळण्याऐवजी नव्या व्यापाऱ्यांवर बंदी आणि जुन्यांना अभय, असा मध्यम मार्ग या वेळी निवडला गेला. दोन गोष्टींमध्ये थेट संबंध आहे असे बँकेने कुठे म्हटल्याचे मला ठाऊक नाही, पण क्रम पाहता आधीच्या अनुभवाचा परिणाम झाला असावा, असे मानणे वावगे ठरू नये.

त्रुटी कोणती होती

साधारणपणे अपूर्ण अर्ज म्हटले की, लेखापालाचे प्रमाणपत्र नाही, संचालकांची माहिती अपुरी आहे, प्रणालीचे लेखापरीक्षण जोडलेले नाही अशा उणिवा डोळ्यांसमोर येतात. त्या अर्जदाराच्या हातातल्या असतात आणि त्यांना १२० दिवस पुरेसे आहेत. येथील त्रुटी वेगळ्या जातीची होती.

१७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने प्रेस नोट ३ जाहीर केली. भारताशी जमिनीवरची सीमा असलेल्या देशातील संस्थेची गुंतवणूक, किंवा जिचा लाभार्थी मालक अशा देशात राहतो किंवा तेथील नागरिक आहे अशी गुंतवणूक, स्वयंचलित मार्गाने येऊ शकणार नाही, तिला सरकारची पूर्वमंजुरी लागेल, असा तिचा आशय होता. कोविडच्या काळात पडलेल्या भावाने भारतीय कंपन्या ताब्यात घेतल्या जाऊ नयेत, हा तिचा जाहीर हेतू होता आणि व्यवहारात तिचा रोख प्रामुख्याने चिनी भांडवलाकडे होता. वन ९७ कम्युनिकेशन्समध्ये चीनच्या अँट समूहाची अँटफिन ही कंपनी दीर्घकाळ सर्वांत मोठी भागधारक होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, तेव्हा तिचा हिस्सा सुमारे २५ टक्के होता.

मूळ कंपनीत परकीय मालकी मोठी असेल तर तिने भारतातील उपकंपनीत घातलेले पैसे हे अप्रत्यक्ष परकीय गुंतवणूक धरले जातात. अशा गुंतवणुकीला परकीय गुंतवणुकीचे सारे नियम लागू होतात. म्हणून वरकरणी एकाच घरातल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या रकमेलाही दिल्लीची मंजुरी हवी होती. वृत्तसंस्थांनी पुढे दिलेल्या माहितीनुसार ही रक्कम ५० कोटी रुपयांची होती, जी पेटीएमच्या एकूण उलाढालीपुढे किरकोळच म्हणावी लागेल. परंतु अधिकृतता देणाऱ्या नियामकाच्या दृष्टीने रकमेचा आकार गौण असतो. अर्जदाराचे भांडवल नियमानुसार आलेले आहे की नाही, हा प्रश्न अनुत्तरित ठेवून प्रमाणपत्र दिले, तर पुढे सरकारने मंजुरी नाकारल्यास त्या प्रमाणपत्राचे काय करायचे, ही अडचण रिझर्व्ह बँकेसमोर उभी राहिली असती.

येथे रिझर्व्ह बँकेला आणखी एक मार्ग होता. अर्ज आपल्याकडेच प्रलंबित ठेवायचा आणि सरकारच्या निर्णयाची वाट पाहायची. तसे केले असते तर नव्या व्यापाऱ्यांवर बंदी घालण्यासाठी वेगळा आधार शोधावा लागला असता आणि सहा महिन्यांत निकाल देण्याच्या कायद्यातील अपेक्षेचा भार बँकेच्या अंगावर राहिला असता. अर्ज परत केल्यामुळे तो भार उतरला आणि पूर्ततेची जबाबदारी स्पष्टपणे अर्जदाराकडे गेली. प्रशासकीयदृष्ट्या ही चाल चोख आहे. न्याय्य आहे का, याचे उत्तर इतके सरळ नाही, कारण पूर्तता अर्जदाराच्या नव्हे तर तिसऱ्याच कार्यालयाच्या हातात होती.

१२० दिवस संपले तेव्हा

१२० दिवसांची मुदत मार्च २०२३ च्या अखेरीस संपत आली आणि सरकारची मंजुरी आलेली नव्हती. त्या सुमारास रिझर्व्ह बँकेने मुदतवाढ दिली, पण नवी तारीख घालून दिली नाही. सरकारचा निर्णय येईपर्यंत विद्यमान व्यापाऱ्यांसाठी काम चालू ठेवावे, मंजुरी मिळाल्यापासून १५ दिवसांत अर्ज दाखल करावा आणि निर्णय प्रतिकूल आला तर तो तत्काळ कळवावा, अशी रचना केली गेली. नव्या ऑनलाइन व्यापाऱ्यांवरची बंदी कायम राहिली.

या रचनेत शहाणपण आहे. अर्जदाराच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीसाठी दर तीन महिन्यांनी मुदतवाढीचा कागद नाचवण्यापेक्षा घड्याळ त्या घटनेलाच जोडले गेले आणि जो भाग खरोखर अर्जदाराच्या हातात आहे, त्याला मात्र अवघे १५ दिवस दिले गेले. पण याच रचनेमुळे बंदीला शेवटची तारीख उरली नाही. अर्जदाराच्या वर्तनात काही बदल झाला किंवा न झाला, तरी बंदी तशीच राहणार होती.

दरम्यान मालकीचे चित्र बदलत गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये अँटफिनने १०.३ टक्के हिस्सा कंपनीचे संस्थापक विजय शेखर शर्मा यांच्या परदेशातील रेझिलियंट अ‍ॅसेट मॅनेजमेंट या कंपनीकडे हस्तांतरित केला. शर्मा सर्वांत मोठे भागधारक झाले, मात्र त्या शेअर्सचे आर्थिक मूल्य परिवर्तनीय रोख्यांच्या मार्गाने अँटफिनकडेच राहिले. कागदावरची मालकी एकाकडे आणि लाभ दुसऱ्याकडे, अशी ही मांडणी होती. प्रेस नोट ३ ची भाषा लाभार्थी मालकाबद्दल बोलते, हे लक्षात घेतले तर सरकारी छाननी लांबण्याचे एक कारण दिसू शकते, तरी सरकारने आपली कारणे जाहीर केलेली नाहीत.

याच काळात ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कठोर निर्बंध घातले आणि पुढे १५ मार्च २०२४ नंतर तिला नव्या ठेवी स्वीकारता आल्या नाहीत. वाचकांनी या दोन गोष्टींची गल्लत करू नये. पेमेंट्स बँक ही वेगळी संस्था होती, तिच्यावरील कारवाई बँकिंग नियमन कायद्याखाली आणि नियमांच्या सततच्या उल्लंघनाबद्दल होती. अ‍ॅग्रीगेटरच्या अर्जातील त्रुटी भांडवलाच्या मंजुरीची होती. व्यवहारात मात्र नाव एकच असल्यामुळे आणि व्यापाऱ्यांच्या पैशांचे खाते घाईने अ‍ॅक्सिस बँकेकडे हलवावे लागल्यामुळे दोन्हींचा ताण एकाच वेळी आला.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने त्या जुन्या गुंतवणुकीला मंजुरी दिली आणि कंपनीने अर्ज पुन्हा सादर करण्याची तयारी जाहीर केली. ५ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास अँटफिनने उरलेला ५.८४ टक्के हिस्साही विकला आणि ती कंपनीतून पूर्णपणे बाहेर पडली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने तत्त्वतः मंजुरी दिली व नव्या व्यापाऱ्यांवरील बंदी उठवली. आठवड्याभराच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होतो, पण गुंतवणुकीची मंजुरी वर्षभरापूर्वीच आलेली होती आणि फेरअर्जाची छाननी तेव्हापासून सुरू होती, हेही विसरता येत नाही.

तत्त्वतः मंजुरीसोबत सायबर सुरक्षेसह संपूर्ण प्रणालीचे लेखापरीक्षण करून घेऊन त्याचा अहवाल सहा महिन्यांत द्यावा, अशी अट होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम अधिकृतता प्रमाणपत्र मिळाले.

बंदीचा भार कोणावर पडला

अर्ज परत आल्यानंतर कंपनीने शेअर बाजारांना सांगितले होते की, व्यवसायावर मोठा परिणाम होणार नाही, कारण बंदी फक्त नव्या ऑनलाइन व्यापाऱ्यांपुरती आहे. दुकानांमधले क्यूआर कोड, साउंडबॉक्स आणि कार्ड यंत्रे देणे चालूच राहणार होते. पहिल्या चार महिन्यांसाठी हे म्हणणे पटण्यासारखे होते. परंतु ऑनलाइन पेमेंटच्या बाजारात याच काळात स्पर्धकांची अधिकृतता एकेक करून मार्गी लागत होती.

तुलनेसाठी इतरांची स्थिती पाहण्यासारखी आहे. रेझरपे आणि कॅशफ्री यांना २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली होती, तरीही डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम मंजुरीपर्यंत नवे व्यापारी जोडणे थांबवण्यास सांगितले गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना अंतिम अधिकृतता मिळून ती बंदी संपली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अर्जांच्या स्थितीची यादी संकेतस्थळावर प्रसिद्ध केली, तेव्हा १२० दिवसांत पुन्हा अर्ज करण्याची मुभा असलेल्यांमध्ये पेटीएमसोबत फ्रीचार्ज, पेयू आणि टॅपिट्स ही नावे होती. त्यांपैकी पेयूला एप्रिल २०२४ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. म्हणजे परतीचा शिक्का सारखा असला तरी प्रत्येकाचा पुढचा प्रवास त्रुटीच्या स्वरूपावर ठरला.

अशी यादी जाहीर करणे हे रिझर्व्ह बँकेचे या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत उपयुक्त पाऊल होते, असे मला वाटते. व्यापाऱ्याला आपला अ‍ॅग्रीगेटर नेमका कोणत्या पायरीवर आहे, हे त्यातून कळू लागले. कारणे मात्र यादीत नव्हती. पेटीएम ही नोंदणीकृत कंपनी असल्यामुळे शेअर बाजारांना कळवण्याच्या बंधनातून तिची त्रुटी जगाला कळली. ज्या कंपन्या नोंदणीकृत नाहीत, त्यांच्या त्रुटी माध्यमांच्या सूत्रांवर सोडून द्याव्या लागल्या.

अमेरिकेत दलाल संस्थांना सदस्यत्व देणाऱ्या फिन्रा या स्वनियामक संस्थेची रीत याच्या शेजारी ठेवून पाहता येते. तिच्या नियम १०१३ नुसार अर्ज पुरेसा पूर्ण नसेल तर ३० दिवसांच्या आत तो नाकारून दाखलच झाला नाही असे मानता येते. तेव्हा कारणे लेखी द्यावी लागतात आणि ५०० डॉलर वजा करून शुल्क परत केले जाते. अर्ज त्या पहिल्या चाळणीतून गेला तर पुढची माहिती विचारली जाते, तिला उत्तर देण्यासाठी पहिल्या खेपेस ६० दिवस मिळतात आणि योग्य कारणाशिवाय उत्तर आले नाही तर अर्ज व्यपगत होतो. अपुरेपणा आधी तपासायचा आणि गुणवत्ता नंतर, अशी ही विभागणी आहे. आपल्याकडे २००७ च्या कायद्यात अशी पहिली चाळणी आणि तिची मुदत नाही. त्यामुळे सप्टेंबर २०२१ मध्ये कागदपत्रे दाखल झालेल्या अर्जातील भांडवलाचा मूलभूत प्रश्न नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी, परतीच्या पत्रातून समोर आला. मालकीची रचना पहिल्या कागदापासून दिसत होती. हा प्रश्न पहिल्या महिन्यात लेखी विचारला गेला असता, तर सरकारी मंजुरीचा अर्ज वर्षभर आधी मार्गी लागू शकला असता. अर्थात, आपल्याला अशी मंजुरी लागेल हे कंपनीच्या सल्लागारांनाही प्रेस नोट ३ वाचून कळायला हवे होते आणि तो दोष नियामकाच्या पदरात टाकता येत नाही.

१ मे २०२५ पासून रिझर्व्ह बँकेकडे करायचे अर्ज ‘प्रवाह’ या पोर्टलवरूनच करणे बंधनकारक झाले आहे आणि अर्ज कुठवर आला, हे अर्जदाराला तेथे पाहता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये पेमेंट अ‍ॅग्रीगेटरांसाठी एकत्रित निर्देश निघाले, त्यात दुकानातील प्रत्यक्ष व्यवहार आणि सीमापार व्यवहार यांसाठीही अ‍ॅग्रीगेटरचे स्वतंत्र प्रकार केले गेले. त्यामुळे आणखी अर्ज येणार, त्यांत त्रुटीही निघणार आणि काही परत जाणार. त्या वेळी सहा महिन्यांची मुदत पहिल्या अर्जापासून मोजायची की फेरअर्जापासून, आणि परतीच्या पत्रात घातलेली बंदी किती काळाने आपोआप पुनर्विचारासाठी समोर यावी, हे दोन मुद्दे लेखी नियमात यायला हवेत. पेटीएमच्या प्रकरणात पहिल्या प्रश्नाच्या एका उत्तराने हिशेब चार वर्षांवर जातो आणि दुसऱ्या उत्तराने सव्वा वर्षाच्या आत राहतो.